स्पॅनिशमधील चालू क्रियेची रूपे: 'एस्तार' केव्हा योजावे आणि केव्हा टाळावे?

प्रश्न – नवअभ्यासू

नमस्कार. मी देले या स्पॅनिश भाषेच्या परीक्षेच्या बी-वन पातळीची तयारी करत आहे. 'एस्तार' (असणे) या क्रियापदापुढे '-आन्दो' किंवा '-येन्दो' प्रत्ययाचे रूप ठेवले की चालू क्रियेचा बोध होतो, म्हणजे 'एस्तोय लेयेन्दो' याचा अर्थ 'मी वाचत आहे' असा होतो, एवढे पाठ्यपुस्तकात दिले आहे. मात्र स्पॅनिश मालिकांमध्ये फोनवर बोलणारी माणसे 'के आसेस?' असे साध्या वर्तमानकाळातच विचारतात आणि त्याचा अर्थ 'काय करतो आहेस?' असाच असतो. तसे असेल तर चालू रूपाची वेगळी गरज कोठे भासते? दुसरी शंका भूतकाळाची आहे. 'एस्ताबा लेयेन्दो' आणि 'एस्तुबे लेयेन्दो' या दोहोंचे मराठीत मला 'वाचत होते' असेच भाषांतर सुचते. त्यांतील भेद कोणी उलगडून सांगेल का?

प्रतिसाद १ – दर्यावर्दी

स्पॅनिशमधील साधा वर्तमानकाळ 'मी रोज वाचतो' आणि 'मी आत्ता वाचतो आहे' हे दोन्ही अर्थ सहज पेलतो, म्हणून 'एस्तार'चे रूप तेथे सक्तीचे नसते. क्रिया नेमकी या क्षणी घडते आहे, किंवा ती सध्यापुरती आहे, हे ठसवायचे असते तेव्हा ते योजतात. 'बिबो एन माद्रिद' म्हणणारा माद्रिदचा रहिवासी असतो, तर 'एस्तोय बिबियेन्दो एन माद्रिद' म्हणणाऱ्याचा मुक्काम बहुधा तात्पुरता असतो. 'एरेस इन्खुस्तो' म्हणजे तू स्वभावतःच अन्यायी आहेस, आणि 'एस्तास सिएन्दो इन्खुस्तो' म्हणजे या प्रसंगी तू अन्यायाने वागतो आहेस. भांडणात दुसरे वाक्य वापरलेले बरे, कारण त्यात समेटाला जागा उरते. चिडून 'नाही म्हणतोय ना मी!' असे आपण बजावतो, तेथे स्पॅनिश माणूसही 'ते एस्तोय दिसियेन्दो के नो' असे चालू रूपच वापरतो.

दोन ठिकाणी मात्र सावध राहावे. पहिले ठिकाण भविष्याचे आहे. 'उद्या मी माद्रिदला जातो आहे' हे मराठीत निर्दोष असले तरी 'मान्याना एस्तोय बियाखान्दो' हे स्पॅनिशमध्ये चालत नाही. तेथे 'मान्याना बियाखो' असा साधा वर्तमानकाळ येतो. दुसरे ठिकाण शरीराच्या स्थितीचे आहे, आणि येथे इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्यांची फसगत होते. खुर्चीत बसलेल्या माणसाविषयी 'एस्ता सेन्तादो' असे भूतकालवाचक धातुसाधित वापरतात, आणि मराठीतही आपण 'तो बसला आहे' असेच म्हणतो, 'बसत आहे' म्हणत नाही. 'झोपला आहे', 'टेकून उभा आहे', 'सदरा घातला आहे' ही सारी वाक्ये याच वळणाची आहेत. त्यामुळे इंग्रजी बाजूला ठेवून मराठीतून विचार केल्यास स्पॅनिश रूप आपोआप बरोबर येते. माहीत असणे, मालकीचे असणे यांसारख्या स्थितिवाचक क्रियापदांना हे रूप सहसा लागत नाही, हे बहुधा आपण शिकला असालच.

प्रतिसाद २ – मंद्रसप्तक

भूतकाळाविषयी लिहितो. 'एस्ताबा' क्रियेच्या मध्यभागी उभे राहून पाहते, तर 'एस्तुबे' ती क्रिया दोन्ही टोकांसह, संपलेली म्हणून पाहते. 'एस्ताबा लेयेन्दो क्वान्दो यामास्ते' म्हणजे तू फोन केलास तेव्हा माझे वाचन चालू होते. ते कधी सुरू झाले आणि कधी थांबले, याच्याशी वाक्याला कर्तव्य नाही. याउलट 'आयेर एस्तुबे लेयेन्दो दोस ओरास' म्हणजे काल मी दोन तास वाचत होतो आणि ते दोन तास संपले. 'दोन तास', 'दुपारभर', 'आठ वाजेपर्यंत' असे कालमान दिलेले असेल तर जवळजवळ नेहमी 'एस्तुबे' येईल. आपली मातृभाषा येथे मदतीला येत नाही, कारण 'वाचत होतो' हे एकच रूप दोन्हीकडे चालते. 'वाचत बसलो होतो' म्हटल्याने थोडी छटा येते, पण तीही पुरेशी नसते.

यात आणखी एक सूक्ष्मता आहे. 'एस्तुबे लेयेन्दो एल लिब्रो' म्हटल्याने पुस्तक पूर्ण झाले असे ठरत नाही. वाचनाची बैठक संपली एवढेच कळते. पुस्तक संपवले असेल तर 'लेई एल लिब्रो' म्हणावे.

प्रतिसाद ३ – नवअभ्यासू

दोघांचेही आभार. 'एस्तार'ऐवजी 'ईर', 'बेनीर', 'आन्दार' ही क्रियापदेही याच रूपाबरोबर दिसतात. ती केवळ पर्याय आहेत का?

प्रतिसाद ४ – दर्यावर्दी

पर्याय नव्हेत, प्रत्येकाची छटा वेगळी आहे, आणि मराठी माणसाला ती शिकवावी लागत नाही, असे माझे मत आहे. 'बा मेखोरान्दो' म्हणजे 'सुधारत चालला आहे'. 'बिएने दिसियेन्दो' म्हणजे पूर्वीपासून आजवर 'सांगत आला आहे'. 'आन्दा दिसियेन्दो' म्हणजे 'सांगत फिरतो'. त्यातला किंचित नापसंतीचा सूरसुद्धा दोन्ही भाषांत सारखा आहे, मात्र मेक्सिकोच्या बोलण्यात 'आन्दार' पुष्कळदा निरुपद्रवी असते. 'सेगीर' म्हणजे आपले '-त राहणे'. जाणे, येणे, फिरणे, राहणे ही क्रियापदे आपणही याच कामाला जुंपली आहेत.

अपवाद 'येबार'चा आहे. 'येबो दोस ओरास एस्पेरान्दो' म्हणजे 'मी दोन तासांपासून वाट पाहत आहे', पण शब्दशः पाहिल्यास त्यात दोन तास 'वाहून नेलेले' असतात. हे क्रियापद या अर्थाने वर्तमानात आणि 'येबाबा' या अपूर्ण भूतकाळात येते. 'येबे एस्पेरान्दो' असे म्हणत नाहीत. नकारार्थी वाक्यात '-आन्दो' जाऊन 'सिन' (शिवाय) आणि क्रियापदाचे मूळ रूप येते, जसे 'येबो दोस दीआस सिन दोर्मीर', म्हणजे दोन दिवस झोप नाही.

प्रतिसाद ५ – मंद्रसप्तक

परीक्षेच्या दृष्टीने एक पुरवणी जोडतो. औपचारिक पत्राचा आरंभ 'ले एस्क्रिबो पारा…' असा साध्या वर्तमानकाळाने करावा. तेथे 'एस्तोय एस्क्रिबियेन्दो' हे इंग्रजीच्या छापाचे वाटते. तसेच 'पुस्तके असलेली पेटी' सांगताना नामाला '-येन्दो' रूप विशेषणासारखे जोडू नये, 'काखा के कोन्तिएने लिब्रोस' असे लिहावे. 'आग्वा इर्बियेन्दो', म्हणजे उकळते पाणी, हा रूढ अपवाद आहे. एक्वादोरच्या डोंगराळ भागात गेलात तर 'दामे कोम्प्रान्दो' ही 'मला एवढे विकत आणून द्याल का' अशा अर्थाची आर्जवी विनंती ऐकू येईल. केचुआ भाषेच्या सहवासातून आलेले हे रूप मला फार आवडते, परंतु उत्तरपत्रिकेत ते लिहू नये.