डिझेल इंजिनाला कस्टम पिस्टन: फोर्ज्ड (घडवलेले) की ऑइल गॅलरीवाले कास्ट (ओतीव)? मदत हवी आहे

मंडळी, इंजिन उघडून तीन आठवडे झाले. ब्लॉक बोअरिंगला जायचा थांबलाय तो फक्त पिस्टन कुठले घ्यायचे हे ठरत नाही म्हणून. ज्यांनी स्वतः ताकद वाढवलेली डिझेल इंजिनं बांधलीत त्यांनी प्लीज वेळ काढून वाचा, जरा लांबलंय.

इंजिन १.९ लिटर, चार सिलेंडर, डायरेक्ट इंजेक्शन, प्रत्येक सिलेंडरला वेगळा युनिट इंजेक्टर. बोअर ७९.५ एमएम, स्ट्रोक ९५.५, कॉम्प्रेशन रेशो १८.५. मूळ ताकद १५० हॉर्सपॉवर. मोठा टर्बो आणि मोठी नोझल टाकून २२० च्या आसपास आणलं होतं, आता २८० पर्यंत न्यायचंय. गाडी रोजच्या वापरातली नाही, हिल क्लाइंब आणि ट्रॅकसाठीच ठेवलीय, म्हणजे चार-पाच मिनिटं सलग पूर्ण लोड.

झालं असं की ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) धूर वाढला, तिसऱ्या सिलेंडरचं कॉम्प्रेशन कमी आलं म्हणून हेड काढलं. तिसरा पिस्टन पुसून उन्हात धरला तर माथ्यावरच्या वाटीच्या (जिथे डिझेल जळतं तो खोलगट भाग) काठावर दोन चिरा, नख फिरवलं की अडकतं, आणि दोन्ही बरोबर गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिन) रेषेत समोरासमोर. बोअरला उभे ओरखडे. बाकी तिघांवर नुसती काजळी. नोझल टेस्टरवर लावली तर तिसरी थेंब गाळतेय. एक्झॉस्ट टेंपरेचरचा गेज मी खूप उशिरा बसवला, पहिल्याच चढाला टर्बोच्या आधी ८५० डिग्री दिसलं, लगेच पाय काढला पण तोवर नुकसान होऊन गेलेलं असणार. ही चूक माझी, नवीन कोणी वाचत असेल तर गेज आधी, ट्यूनिंग नंतर.

आता ओरखडे काढायला बोअर ८० एमएम करावाच लागतोय. त्यामुळे पिस्टन नवीन येणारच, मग मनासारखेच करून घ्यावेत असं ठरवलं, आणि इथेच अडकलोय.

सगळे सांगतात फोर्ज्ड घे, मजबूत असतात. मजबूत असतात हे खरंच. पण मूळ कास्ट पिस्टनमध्ये वाटीच्या मागून जाणारी ऑइल गॅलरी (तेलाची पोकळ वाट) आहे, खालच्या तेलाच्या जेटची धार तिच्या भोकात जाते आणि काठ थंड राहतो. शिवाय पहिल्या रिंगच्या खाचेत लोखंडी रिंग कॅरियर ओतलेला असतो. ज्यांच्याशी बोललो त्यांच्या फोर्ज्ड पिस्टनमध्ये या दोन्ही गोष्टी नाहीत, तेल फक्त खालून आपटतं. माझा पिस्टन दाबाने तुटलेला नाही, उष्णतेने काठाला चिरलाय. मग जिथे दुखतंय तिथलंच कूलिंग काढून टाकायचं, हे मनाला पटत नाही.

फोर्ज्डच्या मटेरियलमध्ये ४०३२ की २६१८ (दोन्ही ॲल्युमिनियमचे मिश्रधातू) हा अजून एक घोळ. ४०३२ मध्ये साधारण १२ टक्के सिलिकॉन, प्रसरण कमी, पिस्टन आणि बोअरमधला क्लिअरन्स घट्ट ठेवता येतो. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळजवळ नाहीच, चिवट जास्त पण फुगतो जास्त, थंड इंजिनला खडखड वाजतो आणि रिंगच्या खाचा लवकर झिजतात. स्टीलचाही विचार केला, मर्सिडीजने २०१४ मध्ये प्रवासी गाडीच्या व्ही६ डिझेलला स्टील पिस्टन दिलेच की, पण चार नगांसाठी स्टीलचे कोणी करून देईना.

कॉम्प्रेशन रेशो १७ वर आणायचंय. ८० च्या बोअरला एका सिलेंडरचं आकारमान ४८० सीसी येतं, म्हणजे १७ साठी पिस्टन टोकाला असताना वर जागा उरायला हवी ३० सीसी, १८.५ ला ती साधारण २७.४ असते. फरक २.६ सीसी. एक जण म्हणाला पिस्टनचा माथाच अर्धा एमएम खाली घे, हिशोबाने २.५ सीसी मिळतात, पण मग हेड आणि पिस्टनमधली फट वाढते, हवा वाटीत नीट ढकलली जात नाही आणि काळा धूर वाढणार असं मला वाटतं. वाटी मोठी केली तर नोझलच्या फवाऱ्याचा कोन तिच्याशी जुळायला हवा. यातलं कमी वाईट काय?

आणि पिनचं. १८० बार प्रेशर धरलं तर ८० एमएमच्या पिस्टनवर जवळपास नऊ टन जोर येतो. माझ्या रॉडचं लहान टोक वर निमुळतं आहे, तसंच पिस्टनचं आतलं बॉस (पिन ज्यात बसते तो भाग) पण तिरकं. कस्टमवाल्याने सरळ बॉसचं ड्रॉइंग पाठवलंय, ते नाकारावं ना?

अनुभवी लोकांनी मार्गदर्शन करावं, आगाऊ आभार.

प्रतिसाद

भाऊ, सरळ बॉस अजिबात घेऊ नका. निमुळत्या टोकामुळे पिनच्या खालच्या आणि वरच्या, दोन्ही बाजूंना जिथे जोर येतो तिथेच जास्त जागा मिळते, ती घालवायची आणि ताकद वाढवायची हे उलटं होईल.

सलग लोड असेल तर मी गॅलरी सोडणार नाही. फोर्ज्ड मी ड्रॅगच्या (सरळ, छोट्या अंतराची शर्यत) गाडीत वापरलेत, तिथे दहा-बारा सेकंदांचा खेळ असतो, काठ तापून मुरायच्या आत रन संपतो. तुमचं चार मिनिटांचं आहे. ओव्हरसाइझ कास्ट घ्या, वाटी लेथवर मोठी करा, काठाची धार मोडून गोलाई द्या आणि माथ्याला सिरॅमिक कोटिंग. माथा खाली घेऊ नका, तुमची शंका बरोबर आहे. काम झाल्यावर काचेची पट्टी ग्रीसने चिकटवून सिरिंजने चारही वाट्या मोजा, चारही सारख्याच भरल्या पाहिजेत.

पण त्याआधी एक विचारतो, तिसऱ्याचा ऑइल जेट बघितला का? चारातला एकच चिरला म्हणजे फक्त नोझलवर खापर फोडून थांबू नका. ब्लॉक उलटा करा, जेटमधून तेल सोडा आणि धार कुठे जाते ते बघा.

धागाकर्ता

दादा, तुम्ही म्हणालात तसं काल रात्री बसून केलं. जेटच्या नळीत पातळ वायर घातली, पिस्टन खालच्या टोकाला आणला आणि बघितलं. १, २, ४ ला वायर थेट गॅलरीच्या भोकात जाते. तिसऱ्याला भोकाच्या बाजूला तीनेक एमएमवर आपटते, नळी किंचित वाकलीय, नुसत्या डोळ्यांना कळतही नव्हती. मागे रॉड बोल्ट बदलताना रॉडचं टोक लागलं असणार, ते काम मीच केलं होतं. म्हणजे त्या पिस्टनच्या गॅलरीत तेल नीट जातच नव्हतं, वरून नोझल थेंब गाळत होती.

मग फोर्ज्डचा विचार सोडला. चारही जेट नवीन, निमुळत्या बॉसचे ओव्हरसाइझ कास्ट पिस्टन, वरची एकूण जागा ३० सीसी होईल एवढी वाटी मोठी करून. नोझल चारही कॅलिब्रेट करून, गळणारी बदलून. ब्लॉक सोमवारी देतोय.

एकच राहिलं, वरच्या रिंगचा गॅप (तिच्या दोन टोकांमधली फट). एवढ्या उष्णतेला रिंगची टोकं भिडली तर नवा बोअर पुन्हा ओरबाडला जाईल, म्हणून मी ०.४५ एमएम ठेवायचा विचार करतोय. तुम्ही ८० च्या बोअरला सलग लोडसाठी किती ठेवता? आणि दुसऱ्या रिंगला वरच्यापेक्षा जास्त ठेवता का तेवढाच?