कार्ड, पिन, ओटीपी: तुमच्याकडचे किस्से लिहा

पेठेबाहेरचा
आज कपाट आवरताना एक जुनं डेबिट कार्ड हाती लागलं. चिप नाही, मागे नुसती काळी पट्टी. एकदम २०१८ चा ऑगस्ट आठवला. कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला तेव्हा पुण्यात दुसरा विषय नव्हता. क्लोन केलेली (म्हणजे हुबेहूब नक्कल केलेली) कार्डं, २८ देशांतली एटीएम, एकूण ९४ कोटी. खातेदारांचे पैसे सुरक्षित आहेत असं बँक सांगत होती. आमच्या सासऱ्यांचं खातं भलत्याच बँकेत, तरी सकाळी पासबुक घेऊन रांगेत हजर! आणि याच माणसाने कार्डाच्या पाकिटावर बॉलपेनने पिन लिहून ठेवलेला. विचारलं तर म्हणे, "मी उलटा लिहिलाय."
कुणाचे गेले, कुणाचे वाचले, परत कसे मिळाले, येऊ द्या.

खारी_बिस्कीट
उलटा 😂 पिन १२२१ असेल तर?

कोशिंबीर
बाबांचं कार्ड एटीएममध्ये बदललं. मागे उभा असलेला मुलगा, "काका, असं नाही, द्या इकडे." पिन त्याने बघून घेतला आणि हातात दिलं ते त्याच बँकेचं, त्याच रंगाचं दुसरंच कार्ड. नाव कोण वाचतंय! घरी येऊन चपला काढेपर्यंत चाळीस हजारांचे मेसेज. बाबा पैशापेक्षा "इतका सभ्य मुलगा होता" याचंच दुःख करत होते. कुकर झाला, बाकी नंतर लिहिते.

निशाचर
मध्यरात्री डॉलरमध्ये खरेदीचा मेसेज. ओटीपी नाही, काही नाही. मी तर ओटीपी म्हणजे लक्ष्मणरेषा समजत होतो.

वसुली_भाई
@निशाचर ओटीपीची सक्ती आपल्याकडे. परदेशी साइटला नंबर, मुदत, सीव्हीव्ही एवढं पुरतं बऱ्याचदा. अ‍ॅपमध्ये 'इंटरनॅशनल' बंद करून टाक. ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवं कार्ड येतं तेच फक्त देशातल्या एटीएम आणि स्वाइपसाठी चालू असतं. ऑनलाइन, परदेश, टॅप हे आपण सुरू करायचं. जुनी कार्डं आणि आपले उत्साही चिरंजीव सगळं चालू ठेवतात ते वेगळं.

खारी_बिस्कीट
टॅपचं मलाही भ्या वाटतं. ५००० पर्यंत पिनच लागत नाही. लोकलमध्ये कुणी मशीन खिशाला लावलं तर?

वसुली_भाई
मशीन अगदी चिकटवावं लागतं, शिवाय ते कुणाच्या तरी नावावर असतं. चोराला त्यापेक्षा फोन करणं सोपं. तरी नको असेल तर बंद कर, कोण अडवतंय.

विरारची_पमा
लोकलमध्ये हात हलवायला जागा असेल तर मशीन लावेल ना 🤣

कोशिंबीर
हां तर पुढे. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला, तोवर भाऊ बँकेच्या हेल्पलाइनवर कार्ड ब्लॉक करत होता. तक्रार क्रमांक लिहून घेतला तो पुढे प्रत्येक टेबलावर कामी आला. शाखेत साहेब म्हणाले, "पिन टाकून गेलेत म्हणजे तुम्हीच दिला असणार." थोडे गोठवलेले परत आले, बाकीचे लटकलेत.

जर्सीकर
इथे अमेरिकेत पेट्रोल पंपावर मशीनच्या तोंडावर स्किमर, म्हणजे कार्डाची माहिती चोरणारं यंत्र, बसवतात. बायको कार्ड घालायच्या आधी ते तोंड हलवून बघते, मागचे हॉर्न देतात. क्रेडिट कार्डाला कायद्याने ५० डॉलरच्या वर भुर्दंड नाही, डेबिटला मात्र दोन कामकाजाच्या दिवसांत कळवलं नाही तर ५०० पर्यंत जातो. म्हणून डेबिट घरी.

वसुली_भाई
आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक बघा. चूक ना बँकेची ना तुमची, आणि मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर शून्य. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते. काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. लेखी द्या, पोच घ्या. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतर गेलं ते बँकेचं.

निशाचर
केलं रे बंद. ते बटण तीन मेनूंच्या आत दडवलंय, शोधेपर्यंत चहा गार.

विरारची_पमा
मला आत्ताच फोन! "मॅडम, रिवॉर्ड पॉइंट आज संपतायत." नाव माहीत, कार्डाचे शेवटचे चार आकडे पण माहीत! म्हटलं, धरा हं, यांना विचारते. आणि फोन मिक्सरशेजारी ठेवून चटणी वाटली.

खारी_बिस्कीट
पमाताई 🙏 कसली चटणी?

विरारची_पमा
सुकटीची. @कोशिंबीर तुझ्या नावावरून आठवलं, काकडीला पाणी सुटतं त्याला काय करतेस?

कोशिंबीर
मीठ अगदी वाढताना घालायचं. बाबांचं नवं कार्ड आलंय, लिमिट पाच हजारावर आणलीय, त्यावरून घरात भांडण चालू आहे.