पिकोलो: मैदानाचा वेगळा, सभागृहाचा वेगळा
हायस्कूलच्या मार्चिंग बँडसाठी (मैदानावर चालत वाजवणाऱ्या बँडसाठी) आणि हिवाळ्यातील कॉन्सर्टसाठी मुलीला एकच लाकडी पिकोलो, म्हणजे फ्लूटचा छोटा, उंच स्वराचा प्रकार, घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत ‘घेऊ नये’ असे आहे. मैदानावर ऑक्टोबरच्या गारठ्यात उबदार, दमट श्वासाने लाकूड आतून फुगते आणि बाहेरून आकसलेलेच राहते, म्हणून ते तडकते. माझ्या मुलीच्या ग्रेनाडिला या काळ्या, कठीण लाकडाच्या पिकोलोला केसाएवढी चीर गेली ती अशीच. मैदानासाठी यामाहाच्या वायपीसी-३२ सारखा, एबीएस रेझिनची (कडक प्लॅस्टिकची) नळी आणि धातूचा हेडजॉइंट (फुंकण्याचा वरचा भाग) असलेला पिकोलो घ्यावा. त्यावर ओठ टेकवायला पट्टी असल्याने फ्लूट वाजवणाऱ्या मुलांना तो लवकर साधतो. लाकडाचा गोलसर स्वर सभागृहातच खुलतो. घेण्यापूर्वी मात्र मुलीने ट्यूनर (स्वर अचूक लागतो का ते दाखवणारे यंत्र) लावून वरच्या सप्तकातील स्वर स्वतः वाजवून पाहावेत.