टोकन गेलंय आणि मागच्या दाराची फट कमी-जास्त दिसतेय (बी विंग ग्रुप, सिंहगड रोड)

प्राजक्ता ३०४: कोणी जागं आहे का? नितीनदादांनी सुचवलेली ती २०१९ ची पेट्रोल गाडी आज परत बघून आले. एजंट म्हणतो एक ओरखडासुद्धा नाही, पण मागचं डावं दार आणि मागचा पत्रा यांच्यातली फट वर कमी खाली जास्त आहे, उजव्या बाजूला सारखी आहे. यांना दाखवलं तर म्हणतात तुला सगळीकडे खोटच दिसते. ५ हजार टोकन गेलंय, बाकीचे रविवारी द्यायचेत

देशपांडे काका १०२: टोकन देण्याआधी दाखवायला हवी होती. आणि दिले तर पावती घ्यावी. मी मागेही या ग्रुपवर लिहिले होते.

नितीन ५०१: वहिनी ग्रुपवर टाकायच्या आधी मला एक फोन करायचा ना. माझ्या मेव्हण्याने त्याच्याकडूनच घेतलीय, ४ वर्षं झाली, काहीही त्रास नाही

प्राजक्ता ३०४: दादा दोनदा लावला, तुम्ही उचलला नाहीत. तुमच्यावर नाही हो, गाडीवर शंका आहे

रोहित ४०२: फट तर आपल्या लिफ्टच्या दारालाही आहे, तिलाही ॲक्सिडेंट झालाय का 😂

सेक्रेटरी: लिफ्टवाल्याला कळवले आहे. कृपया वेगळा विषय काढू नये.

बापू २०१: पोरी झोपू नको आधी वाच. मी दापोडीच्या एसटी वर्कशॉपात ३१ वर्षं पत्राच ठोकला त्यामुळे हे मला विचार. नुसत्या फटीवर जाऊ नको, दाराच्या बिजागऱ्या ढिल्या झाल्या तरी फट बदलते. दार उघड आणि कडेचं काळं रबर बोटाने ओढून काढ, ते निघतं, घाबरू नको. त्याच्याखाली पत्र्याला कंपनीचे वेल्डिंगचे गोल ठिपके असतात, सारख्या अंतरावर, छोट्या खळ्यांसारखे. ते गायब असतील किंवा वरून जाड रंग फासलेला दिसला तर तिथे पत्रा कापून जोडलाय किंवा लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलीय. मग डिकीतली चटई उचल, स्टेपनी बाहेर काढ आणि त्या खड्ड्याला सुरकुत्या आहेत का बघ. मागून जोरात बसलेली गाडी बाहेरून कितीही गुळगुळीत केली तरी तिथल्या सुरकुत्या कोणी काढत बसत नाही.

मंजिरी ६०२: बापू किती छान सांगितलंत 🙏

बापू २०१: अजून आहे. बॉनेटचे आणि मडगार्डचे बोल्ट बघ. कंपनीत ते गाडीबरोबरच रंगतात, त्यांच्या कोपऱ्यांवरचा रंग पान्याने उडाला असेल तर तो भाग उघडलाय हे नक्की. का उघडला ते विचारायचं.

रोहित ४०२: लोहचुंबक लावून बघा ना, लांबी असेल तर चिकटत नाही

बापू २०१: चिकटतो. थर पातळ असला तर चिकटतो, फक्त पकड कमी लागते, म्हणून उजव्या बाजूला त्याच जागी लावून फरक बघायचा. रंग खराब होऊ नये म्हणून फडक्यात गुंडाळ. बंपरला लावून ओरडू नका, तो प्लास्टिकचा असतो.

रोहित ४०२: ऑफिसातल्या मित्राकडे रंगाची जाडी मोजायचं मशीन आहे, उद्या आणतो. कंपनीचा रंग साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास असतो, १५० च्या आत. दुसऱ्यांदा मारला की २०० च्या वर, आणि लांबी असेल तर ५०० काय हजारही दाखवतं

नितीन ५०१: रंग मारलाय म्हणजे गाडी वाईट असं नसतं. पुण्यात ओरखडा न पडलेली गाडी दाखवा मला. आपल्याच बेसमेंटच्या खांबाला पांढरा रंग कुणाचा लागलाय ते सगळ्यांना माहितीये

जोशी ६०१: नाव घेऊन बोला ना. तो खांब चुकीच्या जागी आहे हे मी एजीएमला, सोसायटीच्या वार्षिक सभेतही सांगितलं होतं

सेक्रेटरी: कृपया 🙏

बापू २०१: नितीन बरोबर बोलतोय. बंपर रंगवला, दार रंगवलं, काही बिघडत नाही, भाव थोडा कमी करून घे. पण पिलर म्हणजे छत धरणारे खांब, आतला ॲप्रन म्हणजे इंजिनाच्या बाजूचा पत्रा, चासी यांना हात लागला असेल तर ती गाडी घ्यायची नाही, कितीही स्वस्त दिली तरी. उद्या परत काही झालं तर पोरांना वाचवणारा सांगाडा तोच आहे.

मंजिरी ६०२: प्राजक्ता, इन्शुरन्सची पॉलिसी माग, सर्व्हिस रेकॉर्डही माग. नो क्लेम बोनस बघ, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. ५ वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के असतो, क्लेम केला की शून्यावर येऊन पुन्हा २० पासून सुरू

नितीन ५०१: ५० टक्के आहे. मी स्वतः बघितलंय. आता बोला

मंजिरी ६०२: दादा त्याने सिद्ध होत नाही. बोनस वाचवायला कितीतरी लोक गॅरेजला रोख देऊन काम करून घेतात, रोज बघते मी. शिवाय बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, आधीच्या गाडीवरून आणलेलाही असू शकतो

देशपांडे काका १०२: टोकनची पावती घेतली आहे का? उत्तर आले नाही.

जोशी ६०१: आणि पाण्यातली गाडी नाही ना ते बघा. जुलै २०२४ ला इथे एकता नगरीत पाणी शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या आपण डोळ्यांनी पाहिलंय. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, तळाला गाळाचा डाग राहतो

प्राजक्ता ३०४: सगळ्यांचे खूप आभार. उद्या ११ ला जातेय. बापू तुम्ही याल का प्लीज

बापू २०१: येतो. गुडघा दुखतोय पण येतो. गाडी धुतलेली नको म्हणावं आणि उन्हात उभी करायला सांग.

(दुसऱ्या दिवशी, दुपारी)

रोहित ४०२: उजवा मागचा पत्रा ११०. डावा ६४० 😳 डावं दार २३०

प्राजक्ता ३०४: रबराखाली ठिपके नाहीत. पिलरच्या खालून कापून जोडलंय, बापूंनी बोट लावून दाखवलं. स्टेपनीच्या खड्ड्यातही सुरकुती आहे. एजंट आधी म्हणाला ओरखडा नाही, मग म्हणाला आधीच्या मालकाने केलं असेल मला माहीत नाही. नाही म्हणून आलेय. काल रात्रभर मुलाला मागे बसवायचं हेच डोक्यात होतं

मंजिरी ६०२: बरं झालं गं. गाडी दुसरी मिळेल

नितीन ५०१: वहिनी खरंच मला माहीत नव्हतं. मेव्हण्याची गाडीही बापूंना दाखवतो आता. टोकनचं मी बोलतो त्याच्याशी

बापू २०१: आण. रविवारी सकाळी, ऊन असताना.

देशपांडे काका १०२: पावती?

प्राजक्ता ३०४: नाही घेतली काका

नितीन ५०१: आत्ताच फोन लावतोय त्याला