दाताच्या मूलपेशींपासून चेतापेशी : आशा कितपत धरावी?

निरंजन (धागाकर्ता)
मुलाचा दुधाचा दात द्रव नायट्रोजनमध्ये जपून ठेवा, पुढेमागे त्यातल्या मूलपेशींपासून (स्टेम सेल, म्हणजे इतर प्रकारच्या पेशींत बदलू शकणाऱ्या पेशींपासून) त्याच्याच चेतापेशी (न्यूरॉन, म्हणजे मेंदूतील संदेशवाहक पेशी) तयार करून मेंदूचे विकार बरे करता येतील, असे पालकांना सांगितले जाते. या भरवशावर कोणीही पैसे भरू नयेत, असे माझे मत आहे. दाताच्या गरात, म्हणजे आतल्या मऊ भागात, मूलपेशी असतात, हे २००० साली अक्कलदाढांच्या आणि २००३ साली दुधाच्या दातांच्या अभ्यासातून दिसून आले. त्याविषयी वाद नाही. वाद आहे तो त्यांपासून घडणाऱ्या पेशींना चेतापेशी म्हणावे का, याविषयी. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड विद्यापीठात २०१४ साली उंदरांच्या दातांतील पेशी वाढवल्या, तेव्हा त्यांनी फांद्या फोडून जाळे विणले खरे, पण विद्युत-तपासणीत कॅल्शियम आत घेणाऱ्या पेशीपटलावरील वाहिन्यांपलीकडे चेतापेशीचे पुरते गुणधर्म आढळले नाहीत.

मृणाल
सोयीचा तेवढा प्रयोग निवडून निकाल देणे योग्य नव्हे. ॲडलेडच्याच संशोधकांनी २००८ साली माणसाच्या दातांतील पेशींत सोडियमचा प्रवाह नोंदवला होता, आणि चेतापेशीच्या संदेशाची सुरुवात त्यानेच होते. दाताचा गर मुळात गर्भातील चेताशिखेपासून (जिच्यापासून अनेक चेतापेशीही बनतात त्या पेशीसमूहापासून) घडतो, त्यामुळे या पेशींचा कल तिकडे असणे स्वाभाविक आहे. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या २०१२ सालच्या, दाताच्या पेशींचे रोपण केलेल्या प्रयोगात तर मज्जारज्जू पूर्ण छेदलेल्या उंदरांच्या मागच्या पायांची हालचाल काही अंशी परतली.

निरंजन
नागोयाचे उदाहरण माझीच बाजू बळकट करते. तिथे रोपण केलेल्या पेशी तुटलेल्या चेतापेशींच्या जागी बसल्या नाहीत. त्या चेतातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशी झाल्या आणि त्यांच्या स्रावांमुळे उरलेल्या चेतापेशी तगल्या. गुण स्रावांचा असेल, तर स्वतःचाच दात कशाला हवा? जपानमध्ये पक्षाघाताच्या रुग्णांवरील चाचणीतही दुसऱ्या दात्यांच्या पेशी वापरल्या गेल्या.

दंतवैद्य
व्यवहारातली अडचण कोणी बोलत नाही, म्हणून लिहिते. दुधाचा दात कित्येक दिवस हलत राहतो. तो गळून हातात येतो तेव्हा मूळ विरघळलेले असते आणि आत लालसर गराची जेमतेम चिंधी उरते, तीही बहुधा लाळेतल्या जंतूंनी दूषित झालेली. २००३ च्या अभ्यासात एका दातातून, विभाजित होऊन पेशींचा पुंजका तयार करू शकणाऱ्या अवघ्या १२ ते २० पेशी मिळाल्या होत्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नाळेतील रक्ताखेरीज अन्य पेशींच्या व्यावसायिक साठवणुकीला परवानगी नाही, हेही पालकांना ठाऊक असावे. मात्र निरंजन यांचा सूर मला सरसकट मान्य नाही. चीनमध्ये, मार लागून गर मेलेल्या दातांत मुलांच्याच दुधाच्या दातांतील पेशी भरल्यावर रक्तपुरवठा आणि संवेदना परतल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. दातासाठी दात, इथे स्वतःच्या पेशींना खरोखर अर्थ आहे.

मृणाल
साठवणुकीच्या धंद्याची वकिली मी केलेलीच नाही. माझा आक्षेप संशोधनाला मोडीत काढणाऱ्या सुराला आहे. दंत महाविद्यालयांत काढलेल्या निरोगी अक्कलदाढा रोज कचऱ्यात जातात. रुग्णाची संमती घेऊन त्या प्रयोगशाळांना द्याव्यात, यालाही निरंजन यांचा विरोध आहे का?

निरंजन
मुळीच नाही, फक्त त्यासाठी रुग्णाकडून एक रुपयाही घेतला जाऊ नये.