तपासणी फुकट केली की विषमता संपते का?

रानवाटा:
"कॅन्सर गरीब-श्रीमंत बघत नाही" हे वाक्य ऐकून कान किटले. चांगलाच बघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचे २०२२चे स्तनाच्या कॅन्सरचे आकडे घ्या. अतिविकसित देशांत १२ बायकांपैकी एकीला आयुष्यात कधी तरी हे निदान होतं आणि ७१ पैकी एक त्याने दगावते. विकासात तळाला असलेल्या देशांत निदान २७ पैकी एकीला, मरण मात्र ४८ पैकी एकीला. म्हणजे आजार निम्म्याहून कमी, तरी मरणारे जास्त. गाठ उशिरा सापडते, आणि सापडली तरी पुढचे उपचार परवडत नाहीत.

यावर हमखास उत्तर येतं, "मोफत शिबिरं लावा." पण मोफत कुणासाठी? मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी घ्या. आदल्या दिवशी जुलाबाचं औषध, मग रात्रीपर्यंत संडासच्या फेऱ्या. संडास चार घरांत मिळून एकच असेल तर काय करायचं ते तुम्हीच ठरवा. दुसऱ्या दिवशी गुंगीचं इंजेक्शन, म्हणून सोबत माणूस हवाच. रोजंदारीवाल्याचे दोन खाडे आणि सोबत येणाऱ्याचा एक. बिलावर शून्य लिहिलं म्हणून हे शून्य होत नाही.

खडाष्टक:
खाडे मान्य. पण सगळं परिस्थितीवर ढकलू नका. इंग्लंडात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी शौच तपासणीचा संच टपालाने घरपोच जायचा, तोही फुकट. ना रांग, ना रजा. तरी २००६ मध्ये सुरू झालेल्या त्या योजनेच्या पहिल्या काही वर्षांत सधन वस्त्यांतून ६१ टक्के संच परत आले, सर्वांत गरीब वस्त्यांतून ३५ टक्के. इथे कोणता खाडा पडला? तंबाखूचंही तेच. कुणी हात धरून भरवत नाही.

रानवाटा:
उदाहरण बरं काढलंत. त्या संचात काय होतं ते बघा. तीन वेगवेगळ्या वेळच्या शौचाचे प्रत्येकी दोन नमुने, पुठ्ठ्याच्या काडीने कार्डावर फासायचे, आणि पूर्ण होईपर्यंत कार्ड घरात सांभाळायचं. एका खोलीत सहा माणसं असतील तिथे ते ठेवणार कुठे? २०१९ मध्ये एकाच नमुन्यावर भागणारा नवा संच आला आणि परत पाठवणाऱ्यांचं प्रमाण लगेच वाढलं. माणसं तीच होती, संच बदलला. दरी पूर्ण बुजली नाही, हेही सांगतो.

तंबाखूबद्दल एवढंच, की ज्याला रात्रपाळीत जागं राहायचंय आणि पोटातली भूक मारायचीय त्याचं व्यसन आणि हौशीचं व्यसन एका मापाने मोजू नका. सुटायला मदतही त्यालाच सर्वांत कमी मिळते.

पेशीबंध:
मी निदानाच्या क्षेत्रात आहे, म्हणून तिसरीच बाजू मांडते. दोघंही गृहीत धरताय की तपासणी जेवढी जास्त तेवढी चांगली. दक्षिण कोरियात सोनोग्राफीने थायरॉईड तपासण्याची लाट आली. २०११ मध्ये निदानं १९९३च्या सुमारे पंधरापट झाली, मृत्यू जिथल्या तिथे, म्हणजे जास्तीच्या सापडल्या त्या बहुतेक जिवावर न बेतणाऱ्या गाठी. हजारोंच्या ग्रंथी विनाकारण काढल्या गेल्या, आणि जन्मभर गोळ्या मागे लागल्या. पैसेवाल्यांच्या 'फुल बॉडी चेकअप'चा हाच धोका आहे. गरिबांनाही तोच द्या, ही समानता मला नकोय. गर्भाशयमुख, मोठं आतडं, ठरावीक वयात स्तन, इथे पुरावा भक्कम आहे. तेवढं धरा, बाकीचं सोडा.

खडाष्टक:
ताई, हे पटलं. पण पुराव्याच्या तपासण्यांतही दरी बुजल्याचं एक तरी उदाहरण दाखवा. नाहीतर ही सगळी सद्भावना.

रानवाटा:
अमेरिकेतलं डेलावेअर राज्य. २००२ नंतर त्यांनी आतड्याची तपासणी तर मोफत केलीच, शिवाय कॅन्सर निघाला तर विमा नसलेल्यांच्या उपचाराचा खर्चही उचलला. आणि हाताशी माणसं ठेवली. वेळ ठरवून देणारी, आदल्या दिवशी फोन करणारी, न्यायला-आणायला कुणी नसेल तर सोय बघणारी. २००९ पर्यंत कृष्णवर्णीयांतलं तपासणीचं प्रमाण ४८ वरून ७४ टक्क्यांवर, म्हणजे गोऱ्यांच्या बरोबरीला आलं. मृत्युदरातली दरीही जवळपास मिटली. माझ्या मते खरं काम त्या फोनवाल्यांनी केलं.

खडाष्टक:
डेलावेअर चिमुकलं आणि पैसेवालं. जिथे रेडिएशनचं यंत्रच शेकडो मैलांवर आहे तिथे फोन करून काय सांगणार? मी म्हणतो, आधी उपचार उभे करा, मग शिबिरं. रिपोर्ट हातात आणि दवाखाना नाही, ही निव्वळ क्रूरता आहे.

पेशीबंध:
गर्भाशयमुखाच्या बाबतीत एवढं थांबावं लागत नाही. सौम्य ॲसेटिक आम्ल लावायचं, मिनिटभर थांबायचं, कॅन्सरआधीच्या बिघाडाचा पांढरा डाग दिसला आणि गोठवण्याजोगा असला तर त्याच बैठकीत गोठवून टाकायचा. प्रशिक्षित परिचारिका हे करू शकते. बाईला परत बोलवायचं नाही, त्यामुळे मधल्या मध्ये ती निसटतही नाही. मात्र कॅन्सरच दिसला तर पुढे मोठं रुग्णालय लागतंच, तिथे तुमचा मुद्दा जसाच्या तसा उभा राहतो. स्तनाच्या गाठीला तर अशी एका बैठकीची सोयच नाही.