गोव्यातल्या आडवाटेच्या वाड्यांवर क्यूआर कोड लावून लोकांचं मत कळतं का?

सत्तरीकर: आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर क्यूआर कोड आलाय, सेवेबद्दल मत कळवा म्हणून. तिथे रेंज नाही, पण ते सोडा. वाडा बारा घरांचा. वय, स्त्री की पुरुष, कोणती सेवा घेतली एवढं भरलं की नाव न लिहिताही नर्सबाईंना कळतं, ही कोणाची सून. पोराला लस टोचायला परत त्यांच्याकडेच जायचं, मग सगळ्यांचं बोट ‘उत्तम’वर. पणजीला निरोप जातो, सगळे खूश! सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोणच्या आतल्या वाड्यांवर हे फॉर्म बंद करा, माणूस पाठवा.

फोंड्याची मास्तरीण: माणूस पाठवा म्हणणं सोपं आहे हो. नेत्रावळीच्या आतल्या भागात दिवसाला किती घरं होतील? आणि दारात आलेल्या पाहुण्याला चहा देऊन वर तक्रार कोण सांगतं? फॉर्मवर निदान एखादं पोर रात्री रागाच्या भरात खरं लिहून टाकतं. ग्रामसभा आहे, २०२० पासून ‘स्वयंपूर्ण गोवा’ योजनेतले ‘स्वयंपूर्ण मित्र’ लोकांच्या अडचणी ऐकायला पंचायतीत येतात. गोव्याला ‘हर घर जल’चं, म्हणजे घरोघरी नळ पोचल्याचं, प्रमाणपत्र २०२२ साली मिळालं, तेही ३७८ गावांतल्या ग्रामसभांच्या ठरावांवरच.

सत्तरीकर: तोच दाखला घ्या. ठरावात घरोघरी नळ येतो. मे महिन्यात त्या नळाला पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं, ते ठरावात कुठून येणार? ग्रामसभेत बोलणारे ठरलेले. धनगरवाड्यावरची बाई त्यासाठी डोंगर उतरून येणार का? आणि मित्र झाले तरी ते सरकारी अधिकारीच.

आकडेमोड्या: बारा घरांत टक्केवारी काढूच नये. एक घर रुसलं की आठ टक्के खाली. पाच-सहा वाडे आणि दोन-तीन वर्षं एकत्र धरा, नावंही आपोआप झाकली जातात.

सत्तरीकर: आणि ज्या वाड्यावर खरा घोळ आहे, तोही झाकला जातो!

काणकोणची बाय: मत विचारताच कशाला? ‘गेल्या खेपेला ताप आला तेव्हा कुठे गेलात?’ एवढंच विचारा. जवळचं उपकेंद्र सोडून भाड्याची गाडी करून लोक शहरात जात असतील, तर उत्तर मिळालंच की. भिंतीवरचा कोड त्यांना दिसणारच नाही, ते तिथे येतच नाहीत. विचारणारा खात्याबाहेरचा हवा, दुसऱ्या तालुक्यातला असला तर उत्तम. आणि काजूच्या दिवसांत येऊ नका, सकाळी सगळे डोंगरावर असतात.

फोंड्याची मास्तरीण: प्रश्न पटला. पण एवढंच विचारायचं तर फोनवर विचारा ना, गाडीचं पेट्रोल कशाला जाळायचं?

काणकोणची बाय: घरात फोन एक, तो नवऱ्याच्या खिशात. बाळंतपणात काय झालं हे सुनेला विचारायचं आणि उत्तर त्याने द्यायचं?